किल्लारी, १९९३ : घराच्या स्मरणात नसलेला धोका

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. शासकीय नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. काही अंदाज हा आकडा दहा हजारांच्या जवळ नेतात.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तोही पहाटे साडेचारच्या सुमारास, माणसे झोपेत असताना. किल्लारीच्या पाचपटीहून अधिक ऊर्जा, आणि वर महानगराची दाट वस्ती. मृतांची संख्या सुमारे ६०.

या तफावतीचे उत्तर भूगर्भात थोडे आणि घरांच्या बांधणीत बरेच सापडते. म्हणून हा धागा भूकंपाइतकाच मराठवाड्यातील माळवदाच्या घराविषयीही आहे. ते घर कसे घडले, कोणापासून रक्षण करण्यासाठी घडले आणि त्या पहाटे काय झाले, याविषयी.

जुन्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग असत : शेतजमीन ती काळी आणि वस्ती ती पांढरी. तेरणेच्या खोऱ्यात काळी सुपीक होती, पण झाडी विरळ. इमारती लाकूड महाग, दगड मात्र विपुल. शेतातून निघालेला, नदीनाल्यातून वेचलेला, खाणीतून फोडलेला काळा पाषाण, आणि त्याला सांधायला माती. चुना ऐपतदारांच्या वाड्यांपुरता. सामान्य कुणब्याच्या घरात दगडाला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे केवळ चिखल.

ही भिंत एकसंध नसे. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत बारीक दगड व मातीची भर. जाडी दोन-अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत, काही वाड्यांत त्याहूनही अधिक. बाहेरून पाहणाऱ्याला ती किल्ल्याच्या तटासारखी भक्कम वाटे. वस्तुतः त्या एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या दोन स्वतंत्र भिंती होत्या. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड घालण्याची रीत या भागात जवळजवळ नव्हती. लांब दगड घडवायला कसबी पाथरवट लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो.

भिंतीवर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर आडव्या बारीक लाकडांचे किलचन, त्यावर पालापाचोळा आणि मग मातीचा जाड थर. छप्पर सपाट. त्यावर मिरच्या वाळत, धान्य वाळे, उन्हाळ्यात अंथरुणे पडत. पावसाळ्याआधी माळवदाची डागडुजी होई. गळती दिसेल तेथे नवी माती घालून चोपली जाई. जुनी माती काढण्याची तसदी सहसा कोणी घेत नसे. बापाने घातलेल्या मातीवर मुलगा घाली, त्यावर नातू. काही घरांत हा थर दोन फुटांपर्यंत वाढला होता.

या ओझ्याचा हिशेब सोपा आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली घेतली आणि माळवदावर दीड फूट माती धरली, तर निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर सहा-सात टन वजन असते.

आज हे वाचताना असे घर बांधणाऱ्यांना अडाणी ठरवण्याचा मोह होतो. तो अन्यायाचा आहे. कारण हे घर अत्यंत विचारपूर्वक घडलेले होते.

पहिला शत्रू ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. जाड भिंतीत शिरलेले दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र होते. माळवदावरील मातीचेही तेच. खिडक्या नसल्यातच जमा. उजेड छतातल्या झरोक्यातून येई. बाहेर अंग भाजत असताना माजघरात गारवा असे.

दुसरा शत्रू चोर, दरोडेखोर आणि अधूनमधून येणारे सैन्य. निजामाच्या राज्याच्या या सीमाभागात दीर्घ काळ सुरक्षिततेची शाश्वती नव्हती. १८५३ ते १८६० या काळात नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता. ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला मेडोज टेलर तेथे काही वर्षे कारभारी होता, हा योगायोग नोंदवण्यासारखा. पुढे १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांनी गावेच्या गावे धास्तावली. देशमुख-पाटलांनी पांढऱ्या मातीच्या गढ्या उभारल्या. ज्यांना गढी परवडत नव्हती, त्यांनी घरालाच छोटी गढी केले : जाड भिंत, एकच दार, दारात ढाळज, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून बांधलेली घरे. गल्ल्या अरुंद, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे अशा.

तिसरा शत्रू दुष्काळ. घरात धान्याचे बळद असे आणि त्यालाही जाड भिंतीचा आधार लागे.

ऊन, दरोडा, दुष्काळ. हे तिन्ही धोके प्रत्येक पिढीने पाहिलेले होते. आजी नातवाला त्यांच्या गोष्टी सांगत होती, आणि गवंडी भिंत रचताना त्याच गोष्टींना उत्तर देत होता. भूकंपाची गोष्ट कोणालाच आठवत नव्हती.

शास्त्रज्ञांच्या स्मरणातही ती नव्हती. दख्खनचे पठार म्हणजे प्राचीन, स्थिर भूखंड, अशीच दीर्घकाळची समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला विध्वंसक भूकंप झाला तेव्हा तिला पहिला मोठा तडा गेला. परंतु कोयनेचे कारण धरणाच्या जलाशयात शोधले गेले आणि उरलेल्या पठाराविषयीचा विश्वास बराचसा तसाच राहिला. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारीचा परिसर पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे असा एक दुवा आहे. तेरणेच्याच काठी, वरच्या अंगाला, तेर हे गाव आहे : सातवाहनकालीन व्यापारपेठ, ग्रीक प्रवासवर्णनातील तगर. येथील प्राचीन थरांत दिसणाऱ्या विरूपणाचा संबंध काही भूवैज्ञानिकांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाशी जोडला आहे. हा निष्कर्ष ग्राह्य धरला, तर या खोऱ्याला हादरा नवा नव्हता. मात्र दोन हादऱ्यांमधील अंतर एवढे मोठे की ते ओलांडून कोणतीही आठवण, ओवी किंवा बांधकामाची रीत टिकणे अशक्य होते. कागदपत्रांत नोंद नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे मानणे किती महागात पडते याचे हे कठोर उदाहरण आहे.

पूर्वसूचना अगदीच मिळाली नव्हती असेही नाही. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसराला लहान धक्के बसू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत ठळक होता. घरांना तडे गेले. लोक घाबरून बाहेर झोपू लागले, काहींनी शेतात पाले टाकली, गावाचे पुनर्वसन करावे अशी मागणीही झाली. पुढे धक्के कमी झाले. थंडी आली, सुगीची कामे आली आणि माणसे पुन्हा माळवदाखाली निजू लागली. या वर्तनात मूर्खपणा शोधू नये. वर्षभर शेतात पाल ठोकून राहणे कोणत्या कुटुंबाला जमते? घराखेरीज दुसरा निवारा नव्हता आणि नकाशा सांगत होता की येथे भीतीचे कारण नाही.

त्या रात्री गणेश विसर्जन झाले होते. मिरवणुकांहून परतलेली माणसे उशिरा झोपली. भूकंपाचे केंद्र उथळ होते, जमिनीपासून जेमतेम दहा किलोमीटरच्या आत. त्यामुळे हादऱ्याची शक्ती विस्तीर्ण प्रदेशात विखुरण्याऐवजी थोड्या गावांवर एकवटली.

पुढचे काही सेकंदांत घडले. भूकंपात घरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. घर जितके जड, तितका धक्का मोठा. दोन थरांची भिंत हलताच मधली भर खाली दबली आणि पाचरीसारखी दोन्ही थरांना अलग करू लागली. बाहेरचा थर गल्लीत कोसळला, आतला थर खोलीत. आधार गेलेल्या तुळया निसटल्या आणि पिढ्यांनी साठवलेली माती खाली आली.

मातीचा ढिगारा काँक्रीटच्या ढिगाऱ्याहून अधिक घातक ठरतो. काँक्रीट पडते तेव्हा तुटलेल्या लाद्यांखाली पोकळ्या राहतात आणि त्यांत माणूस काही तास, कधी काही दिवस तग धरतो. माती पोकळी ठेवत नाही. किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी, मंगरूळ, पेठसांगवी, राजेगाव... दोन जिल्ह्यांतील ५२ गावे जवळपास जमीनदोस्त झाली. जखमींची संख्या सुमारे १६,००० होती. दारातून बाहेर पळालेल्यांवर अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पडल्या. दरोडेखोराला अडवणारी गल्ली आता मदतीला येणाऱ्यालाही अडवत होती.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना दोन गोष्टी विशेष दिसल्या. एक म्हणजे गवताच्या आणि कुडाच्या झोपड्या बहुतांशी उभ्या होत्या. ज्यांना दगडी घर कधी परवडलेच नाही, अशा भूमिहीन कुटुंबांतील कित्येक माणसे त्यामुळेच वाचली. गावाच्या उतरंडीत जे घर प्रतिष्ठेचे, तेच त्या पहाटे सर्वांत धोक्याचे ठरले.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. मराठवाड्यात जुन्या घराचे माप खणांत सांगतात : पाच खणांचे घर, नऊ खणांचे घर. खण म्हणजे लाकडी खांब आणि तुळया यांच्या चौकटीतील जागा. ज्या घरांत माळवदाचा भार या चौकटीने उचललेला होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा आणि छत उभे राहिले. लाकूड महागल्यावर ज्यांनी खांब गाळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या, त्यांच्या घरांत भिंतीबरोबर सारेच खाली आले. परंपरेच्या पोटातच बचावाचा एक मार्ग होता. लाकूडटंचाईने आणि काटकसरीने तो बुजवला होता. पारंपरिक घर म्हणजे सरसकट मृत्यूचा सापळा, असे म्हणणारे ही खणांची नोंद सहसा वगळतात.

भूकंपाचे कारण काय, यावर वाद बराच झाला. जवळच माकणी येथे निम्न तेरणा धरणाचा जलाशय होता आणि कोयनेची आठवण ताजी असल्याने संशय तिकडे वळणे स्वाभाविक होते. काही संशोधकांनी जलाशयाचा प्रभाव शक्य मानला, इतरांनी पठाराच्या खोलवरच्या कवचात साठलेल्या ताणाकडे बोट दाखवले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर खोदले. ३३८ मीटर जाडीच्या बेसाल्टखाली पुरातन पायाखडक लागला. भूकंप त्या पायाखडकाच्या खोल भागात जन्मला होता. काळ्या पाषाणाचा तो जाड पडदा खालच्या जुन्या भेगा शतकानुशतके झाकून होता.

आता पुनर्वसन. त्या वेळी शरद पवार मुख्यमंत्री होते आणि प्रवीणसिंह परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी. सैन्य, स्वयंसेवी संस्था आणि राज्यभरातून आलेली माणसे यांनी बचावकार्य केले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून पुनर्वसनाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली.

नवी गावे नकाशावर आखीव होती : सरळ रुंद रस्ते, एकमेकांपासून दूर ठेवलेली घरे. अरुंद गल्लीत मेलेल्यांच्या नातेवाइकांनी रुंद रस्ता मागितला, यात नवल नव्हते. पण पांढरी आटोपशीर असते. पाणवठा, पार, देऊळ, शेजार सारे हाकेच्या अंतरावर. नवे गाव जुन्याच्या कित्येक पट जागेवर पसरले. जनावरे कोठे बांधावीत, कडबा कोठे रचावा, बळद कोठे ठेवावे, या प्रश्नांना आराखड्यात फारसे स्थान नव्हते. लोकांनी मग दारापुढे पत्र्याच्या शेड उभारून स्वतःची उत्तरे शोधली.

प्रकल्पाचा कमी गाजलेला भाग कदाचित अधिक महत्त्वाचा होता. जी गावे पूर्ण पडली नव्हती, तेथील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटी करायची होती. तंत्र साधे होते. माळवदावरील जास्तीची माती उतरवावी. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात लोखंडी सळई व काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही थर जखडले जातात. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरका आधार द्यावा. भिंतीच्या वरच्या भागाभोवती पट्टा बांधावा. पिढ्यांनी जे वगळले होते, ते थोडक्या खर्चात परत आणण्याचा हा प्रयत्न होता.

या कामात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांनी घरोघरी जाऊन अनुदानाचे हप्ते, बांधकामाचे नियम आणि साहित्याचा दर्जा समजावून सांगितला. घराच्या बांधकामाविषयी सार्वजनिकरीत्या बोलण्याचा अधिकार बाईला मिळाला, ही मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासातील नोंद भूकंपाच्या कथेत हरवता कामा नये.

तरीही बहुतेक मालकांनी जुनी भिंत बळकट केली नाही. मिळालेल्या पैशातून त्यांनी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. अभियंत्याचे गणित त्यांना पटले नव्हते असे नाही. ज्या दगडाने माणसे मारली, त्याच्या छायेत पुन्हा निजण्याची मनाची तयारी नव्हती. दगड अपशकुनी ठरला. दगडी भिंत रचणाऱ्या गवंड्यांचे कामही त्याबरोबर घटले.

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर भागातील या स्त्रिया तेथे गेल्या आणि त्यांनी कच्छी बायकांना पुनर्वसनाचे स्वतःचे अनुभव सांगितले. कच्छमध्ये ‘भुंगा’ नावाची गोल, मातीची, हलक्या गवती छपराची घरे आहेत. त्या भूकंपात सुस्थितीतील भुंगे मोठ्या प्रमाणात तरले. १८१९ च्या मोठ्या भूकंपानंतर तेथे या गोल बांधणीचा प्रसार झाला, असे सांगितले जाते. मातीचे घर तेथेही होते आणि किल्लारीतही. फरक एवढाच की कच्छची जमीन वारंवार हलत आली होती आणि तेथील गवंड्याच्या कानावर ती गोष्ट पडलेली होती.

२००२ मध्ये भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारण्यात आला. ‘पहिले क्षेत्र’ ही वर्गवारीच रद्द झाली आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली परिसरात ४.५ च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले आणि लगतच्या जिल्ह्यांतही ते जाणवले. मराठवाड्याच्या अनेक जुन्या गावठाणांत दगडमातीच्या दोन थरांची भिंत अजून उभी आहे, तिच्यावर माळवद आहे, आणि पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडते.

नव्या किल्लारीत स्लॅबची घरे आहेत. त्यांची भिंत पातळ आहे आणि छत काँक्रीटचे. भूकंप त्या घराला पक्का ठाऊक आहे. मात्र मे महिन्याच्या दुपारी तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो, आणि जुन्या माजघराच्या गारव्याविषयी वयस्क माणसे अजूनही बोलतात.